उलटा गड

ताई,
मी ॲरिझोनात, फिनिक्सजवळ राहतो. आई-बाबा मेच्या मध्यावर वाईहून आलेत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत जातील. बाबा ६७ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षं गड फिरलेत. गेल्या डिसेंबरात राजगड-तोरणा एका दिवसात केला. रक्तदाबाची गोळी सोडली तर तब्येत ठणठणीत. त्यांनी कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि आता मनावर घेतलंय: ग्रँड कॅन्यनमध्ये वरून थेट कोलोरॅडो नदीपर्यंत उतरायचं, पाण्यात पाय बुडवायचे आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत वर यायचं. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारला जोडून सुट्टी येते, तेव्हाच्या दोन रात्री मी राखून ठेवल्यात. आता मात्र धास्ती वाटतेय. नको म्हटलं तर 'मला म्हातारा समजतोस का' म्हणून दोन दिवस बोलणार नाहीत. आईचे गुडघे दुखतात, ती वरच थांबते म्हणते. हा दिवस आखायचा कसा? आणि बाबांना सांगायचं कसं?
— एक मुलगा

बुकिंग आजच बदला. सप्टेंबरची सुट्टी सोडा आणि ऑक्टोबरचा मधला आठवडा धरा, शक्यतो शनिवार-रविवार टाळून. बाकी सगळं त्यानंतर बोलू.

कॅन्यनच्या तळाशी, नदीकाठी, जुलैत दिवसाचं कमाल तापमान सरासरी ४१ अंश सेल्सियस असतं. सप्टेंबरात ३६, ऑक्टोबरात २९. हे सावलीतले आकडे आहेत आणि दुपारी त्या वाटेवर सावली जवळजवळ नसतेच. तापलेल्या खडकाची धग वेगळी. त्याच वेळी वर कड्यावर अकरा-बारा अंशांनी गार असतं. फसायला होतं ते इथेच. सकाळी कड्यावर अंगात स्वेटर घालून उभं राहायचं, गार वारा तोंडावर घ्यायचा आणि 'काय सुंदर हवा आहे' म्हणत उतरायला लागायचं. खाली तोवर भट्टी पेटत असते. उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात कड्याखाली चालू नका, आणि एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायचा प्रयत्न करू नका, मे ते सप्टेंबरमध्ये तर मुळीच नको, असं ग्रँड कॅन्यनचं राष्ट्रीय उद्यान, म्हणजे पार्क, स्वतःच बजावून सांगतं. तुमची सुट्टी नेमकी त्या मुदतीत बसते. म्हणून तुम्हाला वाटली ती धास्ती अगदी रास्त आहे, आणि ती आधी वाटली हे फार बरं झालं.

आता बाबांचा मुद्दा. त्यांच्या दमाबद्दल मला शंका नाही. सदुसष्टाव्या वर्षी राजगड-तोरणा एका दिवसात करणाऱ्याला दमाबद्दल मी काय सांगणार? पण चाळीस वर्षं त्यांच्या पायांना आणि छातीला जी सवय लागली आहे, ती या डोंगरात उलटी पडते. मी मनातल्या मनात ग्रँड कॅन्यनला 'उलटा गड' म्हणते.

आपल्या गडाचं कसं असतं बघा. पायथ्याच्या गावात चहा होतो, पहाटेच्या गारव्यात ताज्या पायांनी चढ लागतो. दम लागला की शरीर लगेच कुरकुर करतं. माणूस बसतो, आणि नाहीच जमलं तर मागे फिरतो, मागे उतारच असतो. दमलेल्या माणसाला डोंगर आपोआप घरी पोचवतो. कॅन्यनमध्ये सकाळी उतार. पाय आपसूक पडतात, धाप लागत नाही, गप्पा रंगतात, दर वळणावर 'अजून थोडं खाली जाऊ' असं होतं. शरीर पहिल्यांदा कुरकुर करतं तेव्हा आपण सगळ्यात खोल जागी असतो, ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि चढ सगळाच्या सगळा बाकी असतो.

बाबा मास्तर आहेत, त्यांच्यासमोर आकडे ठेवा. ब्राइट एंजल वाट जिथे सुरू होते ती जागा समुद्रसपाटीपासून ६,८६० फुटांवर आहे. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. म्हणजे बाबा गाडीतून पाय खाली ठेवतील तीच जागा महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच टोकापेक्षा जवळजवळ दीड हजार फूट वर आहे. तिथून नदी साधारण ४,४०० फूट खाली, जाऊन-येऊन चाल पंधरा मैलांच्या वर. बारी गावातून कळसूबाई चढताना आपण तीन हजार फुटांच्या आतबाहेर चढतो. त्याच्या दीडपट चढ, तो दिवसाच्या शेवटी, आणि जितकं वर यावं तितकी हवा विरळ. राजगड-तोरण्याच्या हिशेबात हे बसवता येत नाही.

आणखी एक गोष्ट आकड्यांत येत नाही, ती मी पाहिली आहे.

काही वर्षांपूर्वी मेच्या अखेरीस मी आणि माझा मोठा भाऊ ब्राइट एंजलने उतरलो. दादा तेव्हा एकसष्ट वर्षांचा. सह्याद्रीत चालायला मी त्याच्याच मागे शिकले. साडेचार मैलांवर ओढ्याकाठी कॉटनवूडची झाडं आहेत. त्या जागेला आता हवासुपाई गार्डन्स म्हणतात, तिथून हुसकावलेल्या मूळ रहिवाशांच्या नावावरून २०२२ मध्ये हे नाव ठेवलं. दोन तासांत आम्ही तिथे पोचलो. दादा वाटेत गाणी म्हणत होता. झाडाखाली बसून त्याने दीड लिटर पाणी एका बैठकीत संपवलं, बाटली परत भरली आणि डबा काही उघडला नाही. 'उन्हात भूक लागत नाही,' म्हणाला. मीही आग्रह केला नाही.

परतीच्या चढावर, तीन मैलांवरचं विश्रामघर यायच्या थोडं आधी, तो गप्प झाला. त्याला पुढे जाऊ दिलं तर त्याच्या पाठीकडे माझं लक्ष गेलं. काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या कमानी उमटल्या होत्या, एकात एक, शिंपल्यावर असतात तशा. मीठ होतं ते. आणि शर्ट कोरडा! आपल्याकडे घाम टपटप गळतो, शर्ट पिळून घ्यावा लागतो, म्हणून किती घाम गेला ते कळतं. ॲरिझोनाच्या हवेत घाम अंगावर थांबतच नाही, आला की उडून जातो. आपल्याला वाटतं, घामच येत नाहीये.

विश्रामघराच्या भिंतीला टेकून तो बसला. बोटं फुगली होती, अंगठी रुतून तिच्या दोन्ही बाजूंना कातडी वर आली होती. मळमळतंय म्हणाला. लाडू पुढे केला तर मान फिरवली. मी 'पाणी पी, पाणी पी' म्हणत होते. तिथे एक स्वयंसेवक बाई होत्या, त्यांनी बाटली माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवली आणि विचारलं, सकाळपासून यांनी खाल्लं काय? मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी त्याला आडवं केलं, पाय दगडावर उंच ठेवले आणि खारी बिस्किटं एकेक करून चघळायला लावली. सव्वा तास आम्ही तिथेच होतो. उतरायला दोन तास लागले होते, वर यायला साडेसहा.

त्या बाईंनी समजावलेलं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. घामातून मीठ जातं. वरून नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं वागणं ही लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात, म्हणून माणूस आणखी पाणी पितो आणि आणखी बिघडवून घेतो. पाणी कमी पडलं तर धोका आहेच. मीठ आणि अन्न कमी पडलं तरी तितकाच आहे. आपल्या जुन्या ट्रेकर मंडळींना 'चालताना खायचं नाही, टाक्यावर पोचल्यावर बघू' अशी सवय असते. ती बाबांना असेल तर त्या दिवसापुरती मोडायला लावा. दर अर्ध्या तासाला तोंडात काहीतरी गेलंच पाहिजे, भूक असो-नसो. आईच्या हातच्या तिखट-मिठाच्या पुऱ्या घ्या, लिंबाचं लोणचं घ्या, खारे दाणे, भडंग, चिक्की. एका बाटलीत साधं पाणी आणि दुसरीत मीठ-साखर-लिंबाचं सरबत किंवा इलेक्ट्रॉल. माणशी तीन लिटर खांद्यावर असू द्या.

पाण्याचं सांगायचं तर ब्राइट एंजलवर दीड मैलावर आणि तीन मैलांवर विश्रामघरं आहेत आणि उबदार महिन्यांत तिथे नळाला पाणी असतं. पण कॅन्यनच्या पोटातून जाणारी जुनी जलवाहिनी वरचेवर फुटते आणि नळ कोरडे पडतात. आदल्या संध्याकाळी पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर कुठला नळ चालू, कुठली वाट बंद, हे बघितल्याशिवाय झोपू नका. नळ चालू असला तरी पाणी घरूनच भरून न्या.

वाट ब्राइट एंजलच निवडा. साउथ कैबाब वाट डोंगरधारेवरून जाते, चौफेर मोकळी. राजगडाच्या संजीवनी माचीवर चालताना जे वाटतं त्याच्या जवळचं काहीतरी तिथे वाटतं आणि बाबांचा जीव तिच्यावर जडेल हे मला ठाऊक आहे. पण तिच्यावर पाण्याचा थेंब नाही, सावली नाही, आणि वाटेच्या तोंडापर्यंत खासगी गाडी नेता येत नाही, पार्कची बस धरावी लागते. मुक्काम वाढला तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर पाऊण-एक मैल उतरून या, तेवढ्यातही डोळे निवतील.

आणि उतरायचं तीन मैलांवरच्या विश्रामघरापर्यंत. तिथपर्यंतचा उतार २,१०० फुटांचा आहे, म्हणजे गुंजवण्यातून राजगड चढण्याच्या जवळपास. बाबांना ओळखीचं माप आहे हे. जाऊन-येऊन सहा मैल. कुणाला हे कमी वाटेल. पण उंची, कोरडी हवा आणि उलटा क्रम पहिल्यांदाच अनुभवणाऱ्या कुणालाही, विशीतल्या असो की साठीतल्या, पहिल्या दिवशी मी याच्या खाली नेणार नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर तिथे साडेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. आदल्या दिवशी दुपारीच पोचा. तुमच्या घरून साधारण चार तासांची गाडी आहे, पहाटे निघून तशीच वाट धरण्यात अर्थ नाही आणि एक रात्र उंचीवर झोपलं की बरं पडतं. पहाटे कड्यावर दोन-तीन अंश असेल, म्हणून एकावर एक कपडे हवेत आणि उतरता उतरता काढून पिशवीत टाकता आले पाहिजेत. सातला चालायला लागा. तीन मैल उतरायला दीड-पावणेदोन तास. पावणेनऊला पोचाल. अर्धा तास बसा, खा, बूट काढा, पाय वर करून पडा. सव्वानऊला उठायचं.

ही सव्वानऊची वेळ दगडावरची रेघ समजा. आठला पोचलात तरी पुढे उतरायचं नाही, आणि सव्वानऊ वाजले तेव्हा वाटेतच असाल तर तिथूनच मागे वळायचं. ती घरी बसून ठरवा, आईच्या देखत. कड्याखाली गेल्यावर, पाय चालत असताना, ती ठरवता येत नाही. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला, हा तिथला साधा हिशेब आहे. साडेतीन तास धरा, पाऊण वाजता वर. सूर्यास्त पावणेसहाच्या पुढे असतो, त्यामुळे कुणाचा पाय मुरगळला तरी हाताशी पाच तासांचा उजेड शिल्लक राहतो. ते पाच तास खर्च करायचे नाहीत. ते दादासारख्या वेळेसाठी आहेत. तरी दोघांकडे डोक्याला बांधायचे दिवे हवेतच.

चढताना बाबांना पुढे ठेवा आणि त्यांच्याशी बोलत राहा. बोलताना वाक्य पुरं होत असेल तर वेग बरोबर आहे. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. ते अचानक गप्प झाले, खाणं नाकारलं, पाय अडखळायला लागला किंवा चिडचिड सुरू झाली, तर 'मी ठीक आहे' या शब्दांवर विश्वास ठेवू नका. दादाही तेच म्हणाला होता. सावली शोधा, बसवा, खारं खायला घाला. बरं वाटेना, उलट्या किंवा गोंधळ दिसला, तर वाटेवरच्या रेंजरला किंवा स्वयंसेवकाला गाठा. विश्रामघरापाशी आणीबाणीचा फोन आहे, तुमच्या मोबाइलला खाली रेंज मिळेल हे धरून चालू नका.

बुटांचं थोडक्यात. सह्याद्रीत ज्या बुटांनी बाबा चालतात तेच घाला, नवे घेऊन त्याच दिवशी पायात घालू नका. नखं आदल्या दिवशी कापा, कारण इतका वेळ सलग उतरलं की बोटं पुढे आदळतात आणि नखं काळी पडतात. वाटेत मातीच्या पायऱ्यांना आडवे ओंडके लावलेत, दोन काठ्या असतील तर गुडघ्यांचा भार हलका होतो. खेचरांची रांग समोरून आली तर डोंगराच्या अंगाला सरून उभं राहा, दरीच्या कडेला कधीच नाही, आणि खेचरवाला सांगेल तसं वागा. तिथल्या खारुताया पिशव्या उघडतात, चावतातही. त्यांना खाऊ घालायचं नाही.

बाबांची गोळी कुठली आहे ते पाहा. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात आणि उन्हात त्यांचा परिणाम वेगळा होतो. वाईतल्या डॉक्टरांना फोन करून त्या दिवसाचं विचारून घ्या. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. त्यांचा प्रवास विमा काढला असेलच. त्यात आधीपासूनच्या आजाराचं काय लिहिलंय ते आत्ताच वाचा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला खटकली, ती सांगते. बाबांच्या तब्येतीबद्दल चार ओळी आहेत, तुमच्या स्वतःच्या तयारीबद्दल एकही नाही. तुम्ही शेवटचे कधी दोन हजार फूट चढलात? आठवडाभर खुर्चीत बसून काम करणारा मुलगा आणि चाळीस वर्षं डोंगर चढलेला बाप यांत त्या वाटेवर आधी कोण बसेल, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. आणि तुम्ही बसलात तर बाबा तुम्हाला सोडून वर येणार नाहीत. म्हणून सप्टेंबरच्या अखेरीपासून दोघं मिळून सराव करा. फिनिक्सच्या साउथ माउंटनवर वरपर्यंत गाडी जाते. उजाडताच गाडी वर लावा, खाली उतरा आणि मग चढून गाडीशी या. उलटा गड कसा लागतो ते दोघांच्याही पायांना कळेल, तेही घरापासून अर्ध्या तासावर. ऊन फार असेल तर तो दिवस सोडून द्या.

आता बोलायचं कसं. 'तुम्हाला झेपणार नाही' हे वाक्य तोंडातून काढू नका, कारण ते खरंही नाही. झेपेलही कदाचित. त्यांना नकाशा द्या, उंचीचे आकडे द्या, तापमानाचे आकडे द्या आणि आखणी त्यांच्या हातात सोपवा. इतकी वर्षं गड फिरलेल्या माणसाने कितीतरी नवख्यांना सोबत नेलं असेल. त्यांना विचारा: 'बाबा, तुमच्या ग्रुपमध्ये साठी ओलांडलेला एखादा तगडा माणूस आला, पण पावसाळी सह्याद्री त्याने कधी पाहिलाच नाही, तर पहिल्याच रविवारी तुम्ही त्याला नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर न्याल का?' ते उत्तर देतील. उत्तर आल्यावर तुम्ही काही बोलू नका. त्यांना ते थोडा वेळ मनात ठेवू द्या.

आणि भीती वाटते हे सांगा. सरळ सांगा. 'मला तुमची काळजी वाटते, सगळा दिवस माझा जीव टांगणीला लागेल, मला काहीच बघता येणार नाही.' आपल्याकडे बाप-लेक हे एकमेकांना सहसा बोलत नाहीत. म्हणून मुलगा नियम सांगतो, बापाला तो अपमान वाटतो आणि दोन दिवस अबोला होतो. रुसले तर रुसू द्या. ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे.

आईला वर एकटीने बाकावर बसवून ठेवू नका. कड्यावर यावापाईच्या भूगर्भ संग्रहालयापासून गावठाणाकडे एक सपाट, फरसबंद वाट जाते, तिला 'ट्रेल ऑफ टाइम' म्हणतात. जमिनीत दर मीटरला पितळी खूण आहे आणि एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. आईंना सांगा, आजच्या खुणेपासून निघा आणि सहासष्टाव्या मीटरवर थांबा. तेव्हा आपलं दख्खन लाव्ह्यातून घडत होतं. पाचगणीचं टेबललँड, पांडवगड, वैराटगड, वाईभोवतीचा सगळा काळा दगड त्याच काळातला. तिथून २७० मीटरपाशी पोचल्या की त्या ज्या कड्यावर उभ्या आहेत त्याच्या माथ्यावरचा कैबाब चुनखडक तयार होत असेल. आणि तळाशी नदीने कापून काढलेला विष्णू शिस्ट नावाचा जुना खडक यायला पावणेदोन किलोमीटर चालावं लागतं. हो, विष्णू! क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १८८२ च्या सुमारास इथल्या सुळक्यांना विष्णू, शिव अशी नावं दिली, पुढे इतरांनी आणखी दिली. यावापाईला उभं राहिलं की पलीकडे ब्रह्मा टेंपल नावाचा सुळका दिसतो. वाटेत बाक आहेत, वाटेतल्या खडकांना हात लावता येतो, गुडघे दुखले तर पार्कची फुकट बस आहे. तुम्ही दोघं पाऊण वाजता वर याल तेव्हा आईंकडेही सांगायला खूप काही असेल.

राहिली नदी. बाबांना कोलोरॅडोच्या पाण्यात पाय बुडवायचेत आणि तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच आहे. कृष्णाकाठचा माणूस दुसऱ्या नदीला भेटायला निघालाय, त्याला वरून दुर्बिणीतून नदी दाखवून परत आणू नका. कड्यावरून गाडीने अडीच-तीन तासांवर, मार्बल कॅन्यनजवळ, लीज फेरी नावाची जागा आहे. तिथे गाडी थेट पाण्याजवळ जाते. ग्रँड कॅन्यनमधून जाणाऱ्या होड्या तिथूनच सुटतात, नदीचे मैल तिथून मोजतात. तिसरा दिवस त्यासाठी ठेवा आणि आईंनाही न्या. त्या जागी त्यांना एकही पायरी उतरावी लागणार नाही. पाणी वरच्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या पोटातून सोडलेलं असतं, त्यामुळे बाहेर कितीही ऊन असलं तरी पायाला गारठा झोंबतो, आणि ओढ दिसते त्याहून जास्त असते. बाबांचा हात धरा, घोट्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका, आणि दोघांसाठी मोज्यांचा एकेक जादा जोड पिशवीत ठेवा.